जपानची धूपकला : परंपरा, शिल्प आणि विवेक

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



धूप हा शब्द या सभागृहातील कोणालाही नवा नाही. पूजेच्या अष्टद्रव्यांत त्याला स्थान आहे आणि घरातील देव्हाऱ्यापासून मंदिराच्या गाभाऱ्यापर्यंत त्याचा दरवळ बालपणापासून प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. परंतु जी वस्तू अतिपरिचयाची असते, तिच्याकडे विचारपूर्वक पाहण्याचे प्रसंग कमी येतात. ज्या देशाने धूपाला केवळ पूजाद्रव्य न मानता त्याची स्वतंत्र विद्या उभी केली, त्याचे नियम घडविले आणि चौदाशे वर्षे ती परंपरा जपली, त्या जपान देशाचा या दृष्टीने परिचय करून घेणे उद्बोधक ठरेल. या विद्येची मुळे बऱ्याच अंशी भारतात आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे विषय अधिकच जवळचा वाटू लागतो.

समुद्राने आणलेले काष्ठ

जपानच्या 'निहोन शोकी' या प्राचीन इतिहासग्रंथात इ. स. ५९५ ची एक नोंद आहे. सम्राज्ञी सुइको हिच्या कारकिर्दीच्या तिसऱ्या वर्षी आवाजी नावाच्या बेटाच्या किनाऱ्याला एक मोठा ओंडका वाहत आला. बेटावरील लोकांनी तो सरपण समजून चुलीत घातला, तेव्हा त्याचा सुगंध दूरवर पसरला. लोक चकित झाले आणि त्यांनी तो ओंडका राजदरबारी अर्पण केला. ते अगरूचे काष्ठ होते. ज्या अगरूचे वर्णन आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मूल्यवान वस्तूंच्या गणनेत येते, तेच हे द्रव्य. आवाजी बेटावर आजही कारेकी नावाचे एक लहानसे देवस्थान असून तेथे वाहून आलेले काष्ठच पूज्य मानले जाते.

त्यापूर्वी काही दशके, सहाव्या शतकाच्या मध्यास, बौद्ध धर्म कोरियामार्गे जपानमध्ये पोहोचला होता. मूर्ती आणि ग्रंथ यांच्याबरोबर धूपही आला. पुढे गांजिन नावाच्या चिनी भिक्षूने जपानला जाण्याचा संकल्प केला. पाच प्रयत्न विफल झाले, वादळांनी जहाजे परतविली, त्या खटाटोपात त्यांची दृष्टीही गेली. सहाव्या प्रयत्नात, इ. स. ७५३ च्या अखेरीस, ते जपानच्या भूमीवर उतरले आणि इ. स. ७५९ मध्ये त्यांनी नारा येथे तोशोदाइजी या विहाराची स्थापना केली. त्यांच्या प्रवासाच्या वृत्तांतात बरोबर घेतलेल्या सुगंधी द्रव्यांची यादी आढळते. द्रव्ये कुटून त्यांचे मिश्रण करण्याची विद्या जपानमध्ये रुजविण्याचे श्रेय परंपरा त्यांनाच देते.

जपानमध्ये अगरू उगवत नाही, चंदनही उगवत नाही. जे काही येई ते समुद्रमार्गे, दूरच्या दक्षिणेकडून, अनेक हातांतून. त्यामुळे प्रत्येक तुकडा जपून वापरण्याची वृत्ती तेथे आरंभापासूनच निर्माण झाली. जपानी धूपकलेचा सारा संयम या दुर्मिळतेतून जन्माला आलेला आहे.

दरबारातील गंधयुक्ती

नवव्या ते बाराव्या शतकांच्या काळात क्योतोच्या दरबारात धूप हा सुसंस्कृतपणाचा निकष बनला. अगरू, चंदन, लवंग, कस्तुरी इत्यादींचे चूर्ण करून मधात मळलेल्या लहान गोळ्या तयार करीत आणि त्या मुरण्यासाठी भांड्यात घालून जमिनीत पुरून ठेवीत. निखाऱ्याच्या मंद उष्णतेवर त्या गोळ्या ठेवून वस्त्रे, केस आणि दालने सुवासिक केली जात. सहा मिश्रणे विशेष मान्यता पावली. त्यांत 'बाइका' म्हणजे आलुबुखाराच्या कुळातील उमे वृक्षाचा बहर, 'कायो' म्हणजे कमळाचे पान, 'किक्का' म्हणजे शेवंती आणि 'राकुयो' म्हणजे गळणारी पाने, अशी ऋतूंशी नाते सांगणारी नावे आढळतात. घरोघरच्या पाककृतींप्रमाणे प्रत्येक घराण्याचे प्रमाण निराळे असे आणि ते गुप्त राखले जाई. मुरासाकी शिकिबू या लेखिकेच्या अकराव्या शतकातील 'गेंजी'च्या कथेत अशा मिश्रणांची स्पर्धा वर्णिली आहे.

याच प्रकारची विद्या भारतात 'गंधयुक्ती' या नावाने प्रसिद्ध होती. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तिच्यावर स्वतंत्र अध्याय आहे. महाराष्ट्राचाही या विद्येशी संबंध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी 'गंधवाद' नावाच्या ज्या ग्रंथाकडे विद्वानांचे लक्ष वेधले, त्यावरील टीका मराठीत आहे. 'गंधसार' या ग्रंथासह तो १९८९ साली वडोदरा येथून प्रसिद्ध झाला. म्हणजे सुगंधाचे शास्त्र मराठीतून सांगणारी माणसे या भूमीवर होती. जपानने ती विद्या आचारात टिकविली, आपल्याकडे ती बव्हंशी पोथीत राहिली.

गंध 'ऐकण्याची' विद्या

पंधराव्या शतकात शोगुन आशिकागा योशिमासा यांच्या आश्रयाखाली या कलेला नवे वळण मिळाले. मिश्रणांऐवजी एकट्या अगरूच्या काष्ठाचा आस्वाद घेण्याची पद्धत रूढ झाली. सांजोनिशी सानेताका आणि शिनो सोशिन हे या विद्येचे दोन आद्य पुरुष मानले जातात. त्यांच्यापासून ओइए आणि शिनो या दोन परंपरा निघाल्या आणि त्या आजतागायत अखंड आहेत. चहाचा विधी आणि पुष्परचना यांच्या बरोबरीने 'कोदो', म्हणजे धूपमार्ग, ही जपानची एक अभिजात कला गणली जाते.

या विद्येत गंध 'घेतला' असे म्हणत नाहीत, तो 'ऐकला' असे म्हणतात. त्यासाठी योजलेले जपानी क्रियापद कानाने ऐकण्याचेच आहे. त्यामागचा भाव असा की, गंधाकडे चित्त एकाग्र करावे लागते, एखाद्याचे मंद बोलणे ऐकावे तसे.

विधी पाहण्यासारखा असतो. हाताच्या ओंजळीत मावेल एवढ्या चिनी मातीच्या पात्रात मऊ, बारीक राख भरलेली असते. राखेच्या पोटात कोळशाचा एक पेटलेला गोळा पुरतात. वरची राख शंकूच्या आकारात रचून तिच्यावर धातूच्या काडीने रेषा उमटवितात. शिखरातून कोळशापर्यंत एक सूक्ष्म छिद्र करतात, जेणेकरून उष्णता वर यावी. त्या छिद्रावर अभ्रकाची पातळ चकती ठेवतात आणि चकतीवर अगरूची बारीकशी चिपळी. ती किती लहान असावी, हे सांगताना जपानी लोक घोड्याच्या शेपटीचा केस आणि डासाचा पाय यांची उपमा देतात. चिपळी पेटत नाही, तिला ज्वाळा स्पर्श करीत नाही, धूरही जवळजवळ होत नाही. ती केवळ तापते आणि तिच्यातील राळेचा गंध हळूहळू मोकळा होतो.

पात्र डाव्या तळहातावर घेऊन उजव्या हाताने त्यावर झाकण केल्यासारखी मुद्रा करतात, अंगठा व तर्जनी यांच्यामधील फटीतून तीन वेळा गंध घेतात आणि पात्र शेजाऱ्याकडे देतात. उच्छ्वास बाजूस मान वळवून सोडतात, पात्रावर सोडत नाहीत. विधीला येताना कोणी अत्तर लावून यायचे नाही, अनावश्यक बोलायचे नाही, असा दंडक आहे.

काष्ठांची पारख करण्यासाठी 'सहा देश, पाच रस' अशी परिभाषा आहे. अगरूचे क्यारा, राकोकू, मानाका, मानाबान, सुमोतारा आणि सासोरा असे सहा वर्ग मानतात आणि प्रत्येकाचा गंध गोड, आंबट, तिखट, खारट व कडू या पाच चवींच्या भाषेत सांगतात. त्यांतील सर्वश्रेष्ठ 'क्यारा' या नावाचे मूळ संस्कृतात शोधले जाते. काळ्या अगरूला आपल्याकडे 'कालागुरू' म्हणत, त्याच्याशी त्या नावाचा संबंध जोडतात.

गणिताचा खेळ

कोदोतील एक खेळ जैन श्रोत्यांना विशेष आवडावा. त्याचे नाव 'गेंजिको'. पाच प्रकारच्या काष्ठांच्या प्रत्येकी पाच अशा २५ पुड्या एकत्र मिसळतात आणि त्यांतील कोणत्याही पाच उचलतात. त्या एकामागून एक तापवून फिरविल्या जातात. पाचांपैकी कोणते गंध एकसारखे आणि कोणते भिन्न, हे सहभागी व्यक्तीने ओळखायचे. उत्तर शब्दांत न देता पाच उभ्या रेघांनी देतात आणि जे गंध समान वाटले, त्यांच्या रेघा वरून आडव्या रेघेने जोडतात. अशा एकूण ५२ आकृत्या संभवतात. 'गेंजी'च्या कथेची ५४ प्रकरणे आहेत. पहिले व शेवटचे वगळून उरलेल्या ५२ प्रकरणांची नावे या आकृत्यांना दिलेली आहेत आणि किमोनोच्या कापडावर, मिठाईवर व लाखकामाच्या डब्यांवर त्या आजही दिसतात. पाचांऐवजी कितीही गंध असले तर किती आकृत्या होतील, हा प्रश्न अठराव्या शतकात मात्सुनागा योशिसुके या जपानी गणितज्ञाने हाताळला होता.

वराहमिहिरानेही १६ सुगंधी द्रव्यांतून ४ द्रव्ये निवडण्याचे १८२० प्रकार सांगितले आहेत. आणि अशा निवडीचे सर्वसाधारण सूत्र ज्यांनी आपल्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात नवव्या शतकात दिले, ते महावीराचार्य राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातील जैन गणिती होते. गंध आणि गणित यांची अशी सांगड दोन्ही देशांत घातली गेली, ही गोष्ट अभिमानास्पद आहे.

उदबत्तीचे शिल्प

येथवर झाली ती दरबाराची कथा. सामान्य जनतेच्या घरी धूप पोहोचला तो काडीच्या रूपाने, सतराव्या शतकापासून. चीनमधून आलेले हे तंत्र साकाई या बंदराच्या गावी स्थिरावले. साकाईतील बाइएदो १६५७ पासून, तर क्योतोतील कुंग्योकुदो १५९४ पासून आणि शोएदो १७०५ पासून या व्यवसायात आहेत.

जपानी उदबत्ती आणि आपली उदबत्ती यांत मुख्य भेद असा की, जपानी काडीच्या पोटात बांबू नसतो. ती अंतर्बाह्य एकाच पिठाची असते. त्यामुळे सुगंधात बांबू जळल्याचा वास मिसळत नाही. या पिठाचा आधार म्हणजे 'ताबू' नावाच्या वृक्षाच्या सालीची भुकटी. पाण्यात मळल्यावर ती चिकट होते, म्हणून वेगळी खळ लागत नाही. आपल्याकडील उदबत्तीत जी जिगत वापरतात, तीही अशाच चिकट सालीची असते. तीत अगरू, चंदन, लवंग, दालचिनी, चक्रीफूल, जटामांसी, कापूर यांची चूर्णे मिसळतात. यांतील कित्येक द्रव्ये आपल्या घरातील मसाल्याच्या डब्यात किंवा वैद्याच्या कपाटात सापडतील. चंदनाच्या बाबतीत तर जपानी कारागीर म्हैसूरकडील चंदनाला सर्वोत्तम मानतात.

चूर्णे चाळून, गरम पाणी घालून मळली की पीठ यंत्राच्या छिद्रांतून दाबतात. शेवेसारख्या ओल्या तारा लाकडी फळीवर पडतात. कारागीर त्या एका रेषेत आणून दोन्ही टोके कापतो, मोडक्या वा वाकड्या काढून टाकतो आणि बांबूच्या पट्टीने उरलेल्या जवळ जवळ सारतो. त्यानंतर येते वाळवणी, आणि खरे कसब येथेच लागते. ऊन लागले तर काडी वाकते, वारा जोराचा असला तर तडकते, हवा दमट असली तर बुरशी धरते. म्हणून सावलीत, झडपांच्या खिडक्या गरजेनुसार उघडझाप करीत, काही दिवस ती वाळवावी लागते. आजची हवा कशी आहे आणि खिडकी किती उघडावी, हे अनुभवी कारागिराला कोणत्या उपकरणाने नव्हे, त्वचेने कळते.

हा व्यवसाय १८५० साली साकाईहून आवाजी बेटावरील एइ या गावी आला. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा इतका जोराचा असे की मासेमारीची होडी समुद्रात घालता येत नसे. हाताला काम नसलेल्या त्या कुटुंबांना उदबत्तीने काम दिले, आणि होडी अडविणारा तोच वारा काड्या वाळविण्यास उपयोगी पडला. ज्या बेटाला इ. स. ५९५ मध्ये तो ओंडका लागला होता, त्याच बेटावर आज जपानमधील सुमारे ७० टक्के उदबत्ती तयार होते. २००१ साली जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने जपण्यायोग्य अशा सुगंधी स्थळांची यादी केली, तीत या गावाच्या उदबत्तीचा समावेश आहे.

झेन विहारांत याच काडीने वेळ मोजतात. ध्यानाची एक बैठक म्हणजे एक उदबत्ती जळण्याचा अवधी, सुमारे ४० मिनिटे. ४८ मिनिटांच्या सामायिकाची सवय असलेल्यांना ही कालगणना परकी वाटू नये.

सत्ता आणि संयम

नारा येथील शोसोइन या प्राचीन भांडारात 'रांजाताइ' नावाचे एक अगरूकाष्ठ जतन केलेले आहे. लांबी १५६ सेंटिमीटर, वजन ११.६ किलो. त्यावर तीन ठिकाणी चिठ्ठ्या लावलेल्या आहेत. शोगुन योशिमासा यांनी १४६५ मध्ये, सेनानी ओदा नोबुनागा याने १५७४ मध्ये आणि सम्राट मेइजी यांनी १८७७ मध्ये तेथून तुकडे कापून घेतले, असे त्या सांगतात. विशेषतः नोबुनागाच्या बाबतीत हा सुगंधाचा सोस नव्हता. राजाज्ञेवाचून ज्याला हात लावता येत नाही, त्याला आपण हात लावू शकतो, हे त्याला जगाला दाखवायचे होते. एकाच काष्ठाकडे एक जण डासाच्या पायाएवढी चिपळी पुरेशी मानून पाहतो, दुसरा आपल्या सामर्थ्याची खूण म्हणून पाहतो. परिग्रह वस्तूत नसतो, तो वस्तूकडे पाहणाऱ्याच्या मनात असतो, हे येथे स्पष्ट होते.

'धूपाचे दहा गुण' ही चिनी कवी हुआंग तिंगजियान यांची मानली जाणारी रचना जपानमध्ये झेन भिक्षू इक्क्यू यांच्या नावाने प्रसिद्ध पावली. अल्पातच तृप्ती हा तिच्यातील एक मुख्य विचार आहे.

अहिंसेच्या कसोटीवर

या परंपरेचे कौतुक करताना जैन श्रोत्यांना एक प्रश्न टाळता येणार नाही. या सुगंधासाठी कोणाला काय द्यावे लागले?

प्राचीन जपानी मिश्रणांत मध होता, कस्तुरी होती आणि समुद्री गोगलगाईच्या शिंपेवरील झाकणाचे चूर्णही होते. हेच द्रव्य आपल्या जुन्या गंधग्रंथांत 'नख' या नावाने येते, म्हणजे दोष केवळ परक्यांचा नाही. कस्तुरीसाठी हिमालयातील मृगांची इतकी हत्या झाली की त्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये बंदी घालावी लागली.

वनस्पतींचे दुःखही लहान नाही. अगरूच्या निरोगी झाडात सुगंध नसतो. झाडाला जखम होते, बुरशीचा संसर्ग होतो, तेव्हा ते स्वतःच्या रक्षणासाठी राळ निर्माण करते आणि त्या राळेने जड झालेले काष्ठ पाण्यात बुडते. 'बुडणारा सुगंध' हाच अगरूच्या जपानी नावाचा अर्थ आहे. कोणत्या झाडात राळ आहे हे बाहेरून सहज कळत नाही, म्हणून एका सुगंधी झाडासाठी अनेक निरोगी झाडे तोडली गेली. आसामपासून इंडोनेशियापर्यंत वने ओस पडली. १९९५ मध्ये अगरूची एक प्रमुख जात आणि २००५ पासून तिच्या सर्व भगिनीजाती आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आल्या. आता लागवडीतील झाडांना कृत्रिम रीतीने संसर्ग घडवून अगरू मिळविले जाते, परंतु जुन्या रानातील काष्ठाची सर त्याला येत नाही, असे जाणकार मानतात. शतकानुशतके साठविलेले जुने काष्ठ चिपळी-चिपळीने संपत आहे आणि धूपमार्गाच्या आचार्यांपुढे हीच मोठी चिंता आहे.

ही हानी आपल्या दारापर्यंतही आलेली आहे. जिगतीसाठी झाडांच्या साली ओरबाडल्यामुळे पश्चिम घाटातील ती झाडे विरळ झाली आहेत. साल गोलाकार सोलली की झाड उभ्याउभ्या वाळते. त्याऐवजी खोडाच्या एका बाजूची थोडी साल काढली आणि जखम भरेपर्यंत झाडाला विश्रांती दिली, तर ते जगते. येथे केवळ यतनेचा अभाव आहे.

म्हणून विवेक कसा करावा? प्रथम, पूजेसाठी धूप वा उदबत्ती विकत घेताना तीत काय आहे, हे दुकानदाराला विचारावे. मध, कस्तुरी वा शिंपेचे चूर्ण असलेले मिश्रण वर्ज्य करावे, आणि ज्याची घटकद्रव्ये सांगताच येत नाहीत, त्याचा आग्रह सोडावा. दुसरे, प्रमाण राखावे. अग्निकायाची विराधना किमान व्हावी, हे आपल्या शास्त्राचे सांगणे आहे आणि बंद खोलीतील दाट धूर फुप्फुसांना अपायकारक असतो, हे वैद्यकाचे सांगणे आहे. दोन्ही सांगणी येथे एकच आहेत. गर्दीच्या दिवशी प्रत्येकाने स्वतंत्र जुडगा पेटविण्यापेक्षा मंदिराच्या वतीने एकच शुद्ध धूप सावकाश तापता ठेवला, खिडक्या उघड्या ठेवल्या, तर भक्ती उणी होत नाही. तिसरे, ज्या संस्थांकडे भूमी आहे, त्यांनी तीवर चंदनाची आणि जिगतीच्या जातीची चार रोपे लावावीत. ज्या झाडांकडून पिढ्यान्‌पिढ्या घेतले, त्यांना थोडे परत करण्याचा हा सरळ मार्ग आहे.

जपानी आचार्य पात्र पुढच्याच्या हाती देण्यापूर्वी क्षणभर थांबतो. चिपळीत अजून गंध शिल्लक आहे, तो शेजाऱ्याचा आहे, याची त्याला जाणीव असते. धूपाचे पात्र आपल्याही हाती मागील पिढीने असेच दिलेले आहे. त्यात पुढच्यांसाठी काही उरावे, एवढी काळजी सर्वांनी घ्यावी.

जय जिनेंद्र.